विषय: भाच्याचा पहिला पगार आणि दोन एकरांचा प्रश्न

मंडळाच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार,

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत वर्षाला ३ लाख ६० हजारांची नोकरी मिळाली आहे. त्याच वेळी अमेरिकेत एम.एस. करण्यासाठी दोन एकर विकावेत, असाही विचार घरात चालू आहे. दादाने मला फोनवर एवढेच विचारले, "दहा वर्सानं किती भेटन थे सांग, मंग वावराचं पाहू." या व्यवसायात मुरलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

आदरणीय ताई,

मी दर्यापूर तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा असून बावीस वर्षे याच व्यवसायात आहे आणि सध्या अमेरिकेत असतो, त्यामुळे आपल्या दादांचा प्रश्न मला अगदी घरचा वाटला.

आधी त्या आकड्याविषयी. ३ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला तीस हजार हातात, असा गावात समज होतो. प्रत्यक्षात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि बहुधा विम्याचा हप्ताही त्या आकड्यातच धरलेला असतो. शिवाय मुलाच्या वाट्याचा निधी आणि महाराष्ट्राचा वर्षाला २,५०० रुपयांचा व्यवसाय कर वजा होऊन हातात चोवीस-पंचवीस हजार पडतात. दादांच्या हिशेबात सांगायचे, तर २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे महिन्याला तीन क्विंटल कापूस. त्यातून पुण्याची खोली आणि मेस वजा करावी. मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सॉफ्टवेअरचे काम करून देणाऱ्या कंपन्यांमध्ये, नवख्यांचा पगार गेली दहा-बारा वर्षे याच आकड्याभोवती अडकला आहे, कारण दरवर्षी बाहेर पडणाऱ्या अभियंत्यांची संख्या अफाट आहे. यात मुलाचा काही कमीपणा नाही, हे त्याला घरच्यांनी सांगायला हवे.

आता दहा वर्षांचे. समजा, तो एकाच कंपनीत राहिला आणि दरवर्षी आठ टक्के वाढ मिळाली, तर दहा वर्षांनी पावणेआठ लाख होतात. महागाई वजा केली तर ही वाढ फारशी उरत नाही. मात्र त्याच दहा वर्षांत दोनदा कंपनी बदलून प्रत्येक वेळी चाळीस टक्के वाढ मिळाली आणि उरलेली आठ वर्षे आठ टक्केच मिळाले, तरी आकडा तेरा लाखांवर जातो. असे होण्याचे कारण म्हणजे वार्षिक वाढ संपूर्ण गटासाठी ठरलेल्या रकमेतून वाटली जाते आणि ती जुन्या पगारावर मोजली जाते, तर नवी कंपनी त्या कामाचा बाजारातील भाव पाहून पगार ठरवते. मी स्वतः पहिल्या कंपनीत सहा वर्षे राहिलो. तिथे एकाच जुन्या प्रणालीच्या चुका दुरुस्त करत होतो, घरी पैसे पाठवायचे असल्यामुळे नोकरी सोडण्याचे धाडस झाले नाही, आणि मुलाखतीला बसलो तेव्हा नव्या कामाचे सांगण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. त्या सहा वर्षांची तूट पुढे बराच काळ भरून निघाली नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, पहिली तीन वर्षे त्याच्या पगारावर घराचे बांधकाम, बहिणीचे लग्न किंवा ट्रॅक्टरचा हप्ता उभा करू नये. त्या काळात त्याला शिकण्यासाठी आणि प्रसंगी नोकरी बदलण्यासाठी मोकळीक मिळाली, तर पुढचा चढ तिथूनच सुरू होतो. बारा-पंधरा वर्षांनंतर हा चढ मंदावतो. सेवा कंपन्यांत वरच्या जागा थोड्या असतात. उत्पादन कंपन्यांत, म्हणजे स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या कंपन्यांत, पगाराबरोबर शेअर मिळतात, पण ते बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हाती येतात.

अमेरिकेचे गणित वेगळे आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार सॉफ्टवेअर विकसकांचा मध्यक वार्षिक पगार १,३३,०८० डॉलर होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी. तळाच्या दहा टक्क्यांना ७९,८५० पेक्षा कमी, तर वरच्या दहा टक्क्यांना २,११,४५० पेक्षा जास्त मिळत होते. म्हणजे येथे सुरुवात उंचावर होते, परंतु पुढची चढण सौम्य असते. भारतात पाया ठेंगणा असला, तरी चांगले काम हाती लागले तर पगार कितीतरी पट होऊ शकतो. शिवाय शिक्षणानंतर येथे तीन वर्षे काम करता येते आणि त्यापुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीवर अवलंबून राहावे लागते. विकलेले वावर परत येत नाही. मी दादांच्या जागी असतो, तर दोन-तीन वर्षे वावर राखून मुलाला आधी नोकरी करू दिली असती; अनुभव घेऊन एम.एस. करण्याची वाट त्यानंतरही मोकळीच राहते.

आपला नम्र

---

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दादाला फोनवर वाचून दाखवले. वावराचा विषय त्याने सध्या बाजूला ठेवला आहे. मात्र नियुक्तिपत्रात दोन वर्षे नोकरी न सोडण्याचा बॉण्ड आहे, असे भाचा म्हणतो. त्यावर सही करावी का?

---

ताई,

सही करण्यापूर्वी त्याने तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: मध्येच सोडल्यास नेमकी किती रक्कम भरावी लागेल, मूळ गुणपत्रिका कंपनी स्वतःकडे ठेवणार आहे का, आणि नोकरी सोडताना द्यायच्या नोटिशीचा काळ तीस दिवसांचा आहे की नव्वद. मूळ कागदपत्रे मागत असतील, तर ती मुळीच देऊ नयेत. नोटीस नव्वद दिवसांची असेल, तर पुढची नोकरी शोधताना तो काळ आधीच हिशेबात धरावा, कारण अनेक कंपन्या इतके दिवस थांबत नाहीत. त्याने पत्राची प्रत मला पाठवावी. येत्या रविवारी मी ती ओळ न् ओळ वाचून त्याला फोन करीन.