मदत हवी आहे: तिसऱ्या (खाडीतल्या खायच्या शिंपल्या) कोल्हापूरपर्यंत जिवंत कशा पोचवायच्या?

भाट्ये खाडीत आई आणि काकू ओहोटीला तिसऱ्या काढतात. रत्नागिरीत त्या वाट्यावर विकल्या जातात. आता कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक आठवड्याला २० किलो मागतंय, पण तोंड उघडलेली एकही नको म्हणतं. रास्तच आहे.

गोड्या पाण्यात ठेवल्या, मेल्या. थेट बर्फावर ठेवल्या, वितळलेल्या पाण्याने तीच गत. खाडीच्या पाण्यात रात्रभर ठेवून ओल्या गोणपाटात बांधल्या तेव्हा बऱ्याच टिकल्या. तरी तळाच्या उघडतात आणि खाताना रेती कचकचते ती वेगळीच.

गाडी रात्रीची, शीतगाडी परवडत नाही. सोलून पाठवा म्हणू नका, त्याला शिंपल्यासकटच हव्यात.

कुणी नेहमी पाठवत असाल तर सांगा: रेती सुटायला पाणी किती वेळा बदलता, आणि एका गोणीत जास्तीत जास्त किती किलो भरता?