कापूस खाता येत नाही

शेतकऱ्याच्या घरात धान्य असतंच, त्याला लॉकडाऊनची काय झळ, असं काही जण म्हणतात. आमच्या यवतमाळकडे घरात कापूस असतो हो! मार्च २०२० अखेर खरेदी थांबली, कापूस घरातच पडून राहिला आणि किराण्याला पैसा उरला नाही. बायांनी तूर भरडून घरीच डाळ केली, भाजीऐवजी पिठलं किंवा नुसतं तिखट-मीठ. त्यात पुण्या-मुंबईहून पोरं परतली, खाणारी तोंडं वाढली. रेशनवरच्या माणशी ५ किलो मोफत धान्याने खूप घरं तगली, हे मान्यच. पण नव्या सुनेचं, लेकराचं नाव रेशन कार्डावर नसलं की तेवढा वाटा गेलाच. नावं चढवायची शिबिरं गावातच घ्यायला हवीत.