मदत हवी आहे: लॅपटॉप चालू कामात अचानक बंद पडतो. बॅटरी, ॲडॅप्टर की मदरबोर्ड?

नमस्कार,

मी घरून अक्षरजुळणीची कामे करते. गेले पाच महिने माझा लॅपटॉप चालू कामात अचानक बंद पडतो आहे. निळा पडदा येत नाही की कसली सूचना येत नाही. पडदा काळा होतो, पंखा थांबतो आणि बटण दाबले की लगेच पुन्हा सुरू होतो. सध्या एका दिवाळी अंकाची पाने लावते आहे आणि पूर्ण अंकाची पीडीएफ काढतानाच हे हमखास घडते, म्हणून जाणकारांनी थोडा वेळ काढून मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लॅपटॉप २०१९ सालचा आहे: आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, वेगळी ग्राफिक्स चिप, ८ जीबी रॅम, विंडोज १०.

पहिला संशय उष्णतेचा होता. पंखा साफ करून घेतला, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेण्यास मदत करणारा लेप) नवी लावली, पण फरक पडला नाही. मग एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅमने दर दोन सेकंदांनी तापमानाची नोंद ठेवली. बंद पडण्यापूर्वीची शेवटची नोंद ७४ अंशांची आहे, म्हणजे उष्णतेमुळे मशीन स्वतःला बंद करून घेत असेल असे वाटत नाही. मेमटेस्ट८६ने रात्रभर रॅम तपासली, एकही चूक निघाली नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद आणि बगचेक कोड (निळ्या पडद्याच्या चुकीचा क्रमांक) शून्य दिसतो. ही नोंद मशीन पुन्हा सुरू झाल्यावर होते, त्यामुळे आधी ते रीतसर बंद झाले नव्हते एवढेच तिच्यातून कळते, कारण कळत नाही.

विंडोजच्या पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढला, तेव्हा मूळ क्षमता ४२,००० मिलीवॉट-तास आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता १९,६०० निघाली. नुसत्या बॅटरीवर तर ३८ टक्के चार्ज दिसत असतानाही लॅपटॉप बंद पडला आहे. परंतु चार्जर लावलेला असतानाही बंद पडतो, म्हणून बॅटरीला दोष देणे मी टाळत होते.

काल रात्री मात्र एक गोष्ट लक्षात आली. मूळ ॲडॅप्टरची वायर पिनेपाशी तुटल्यामुळे मी सहा महिन्यांपूर्वी बाजारातून दुसरा घेतला होता. दोन्ही शेजारी ठेवून त्यांवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचली: जुन्यावर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर आणि नव्यावर १९ व्होल्ट, २.३७ अँपिअर. म्हणजे ६५ वॉटच्या जागी ४५ वॉट. पिन तंतोतंत बसते, चार्जिंगचा दिवा लागतो, त्यामुळे शंकाच आली नाही. हा प्रोसेसर १५ वॉटचा म्हटला जात असला, तरी टर्बो बूस्टमध्ये (काम वाढले की वेग आपोआप वाढतो तेव्हा) काही क्षण त्याहून बरीच अधिक वीज ओढतो. त्यात ग्राफिक्स चिपची भर पडली की ॲडॅप्टरला कमी पडणारी वीज बॅटरीतून घेतली जात असावी आणि क्षीण बॅटरीचा व्होल्टेज त्या क्षणी कोसळत असावा, असा माझा तर्क आहे. तो पडताळण्यासाठी पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली, कारण त्याने टर्बो बूस्ट बंद होतो. त्यानंतर पीडीएफ सलग सहा वेळा काढली. वेळ जास्त लागला, पण लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही.

दुरुस्तीवाल्यांनी मदरबोर्डचा पॉवर सेक्शन गेला असावा असे सांगून १४,५०० रुपये खर्च सांगितला आहे. त्यांच्याकडे दोन तासांत लॅपटॉप एकदाही बंद पडला नव्हता, पण तिथे त्यांचाच चार्जर लावलेला होता, कारण मी माझा नेलाच नव्हता.

माझा तर्क बरोबर आहे का? केवळ ६५ वॉटचा चांगला ॲडॅप्टर घेतल्याने भागेल, की अर्ध्याहून कमी क्षमता उरलेली बॅटरीही लगेच बदलावी? बॅटरीचा कनेक्टर काढून फक्त ॲडॅप्टरवर लॅपटॉप चालवून पाहणे सुरक्षित आहे का, आणि तसे करूनही तो बंद पडला तर दोष मदरबोर्डचाच समजावा का? बॅटरी फुगल्याची चिन्हे नाहीत. टचपॅड वर आलेला नाही आणि तळही सपाट आहे.

पाने २० तारखेला छपाईला द्यायची आहेत, तोपर्यंत ९९ टक्क्यांवरच काम करते आहे. आणखी कोणती नोंद किंवा चाचणी हवी असल्यास कृपया सांगावे, आज रात्रीच करून इथे देते.