काळ्या मातीत पायाचं एस्टिमेट कसं धरायचं?

प्रश्न (भुसावळ): हजार चौरस फुटांचं आरसीसी घर. ठेकेदार चौरस फुटाचा सरसकट भाव सांगतोय. पाया त्यात बसतो का?

उत्तर १: भाऊ, पायाला सरसकट भाव लावूच नका. आधी ट्रायल पिट (माती तपासायचा चाचणी खड्डा) घ्या. मुरूम ४ फुटांवर लागतो की ८, त्यावर खोदाई, काँक्रीट, भरती सगळं फिरतं. निघालेली काळी माती प्लिंथमध्ये (जोत्यात) टाकू नका, पाण्यानं फुगते आणि फरशी उचलते. भरतीचा मुरूम विकतचा धरा, तोही २५ टक्के जादा, कुटल्यावर बसतो.

उत्तर २: एम-२० (काँक्रीटची एक प्रत) चं १ घनमीटर काँक्रीट म्हणजे १.५४ घनमीटर कोरडा माल, सिमेंट ८ गोण्या. सळई मात्र टक्केवारीनं नको, बारबेंडिंग शेड्यूलवरूनच (प्रत्येक सळईची लांबी, जाडी, संख्या यांची यादी) काढा.

उत्तर ३: वाळूचा भाव साइटपोच विचारा. जीएसटी वेगळा का, तेही.