"सॉलिड स्टेट येईपर्यंत थांबा" म्हणणाऱ्यांना एकदाच उत्तर

टेकडीवरचा
परवा याच फोरमवर एकाने लिहिलं, "सॉलिड स्टेट बॅटरी (द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइटची) दोन वर्षांत येतेय, आज ईव्ही घेणारा शुद्ध मूर्ख." तो मूर्ख मी. गाडीचे ३८ हजार किलोमीटर झालेत, म्हणून बोलतोय.

टोयोटाने २०१७ मध्ये सांगितलं होतं की २०२० नंतर लवकरच आणतो. आता २०२७-२८ म्हणतात. मुलगी पसंत आहे, पण मुहूर्तच निघत नाही! तोवर जिला सगळे 'जड, स्वस्तातली' म्हणून नाकं मुरडायचे, ती एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पुढे निघून गेली. मूळ शोधनिबंध १९९७ चा, टेक्सासचा. त्यावर बॅटरी-शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंदस्वामी ही नावं आहेत, पण कौतुक कुणाला? केमिस्ट्री तीच राहिली, बांधणी बदलली. चीनच्या बीवायडी कंपनीने २०२० मध्ये लांब पात्यांसारखे सेल थेट पॅकमध्ये रचले आणि मधले मॉड्यूलचे डबे काढून टाकले. वाचलेल्या जागेत आणखी सेल बसले. शिवाय फॉस्फेटमधला ऑक्सिजन सहजी सुटत नाही, म्हणून आगीची धास्तीही कमी. थांबणाऱ्यांनी खुशाल थांबावं, पेट्रोलची बिलं भरत.

मिठागर
एलएफपी म्हणजे शेवटी लिथियमच ना? भविष्य सोडियमचं आहे. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये किलोमागे १७५ वॅट-तासांचा सेल जाहीर केला, उणे ४० अंशांतही ९० टक्के क्षमता टिकते म्हणे. आपल्या पुण्यात केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्येच सोडियम-आयन तंत्रज्ञान दाखवलंय. सोडियममध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पत्री चालते, तांबं लागतच नाही. पण आपल्याला परदेशी शिक्का लागतो!

वऱ्हाडी ऊन
उणे चाळीस कोणाले पायजे बाप्पा? अधिक पंचेचाळीसचं बोला. मागच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्कूटर चार्जिंगला लावली, तर स्क्रीनवर 'बॅटरी गरम आहे, नंतर प्रयत्न करा'. नंतर म्हणजे कधी, जुलैत? सर्व्हिसवाला म्हणे सावलीत लावा. अकोल्यात मे महिन्यात सावली कुठं असते, तेही सांगून जायचं होतं.

टेकडीवरचा
गरम सेलला चार्ज नाकारणं हा बिघाड नाही, बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचं, कामच ते आहे. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्यावर नियम कडक झाले ते उगाच नाहीत.

वऱ्हाडी ऊन
अहो, मले जेवण नाही भेटलं आन् तुम्ही म्हणता आचारी लय हुशार आहे.

तिसरा मजला
बॅटऱ्यांचं सोडा हो. माझ्या सोसायटीने चार्जिंग पॉइंटसाठी अकरा महिने एनओसी अडवून धरलंय. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. आमचे सेक्रेटरी म्हणतात, "एजीएममध्ये ठेवू." एजीएम झाली. त्यात दोन तास चर्चा कबुतरांवर.

माजी सेक्रेटरी
सेक्रेटरीला शिव्या घालणं सोपं आहे. मी सहा वर्षं ते फुकटचं काम केलंय. ८४ फ्लॅट, सँक्शन्ड लोड (मंजूर वीजभार) ठरलेला, पार्किंगमधल्या वायरिंगला हात लावायला इलेक्ट्रिशियन तयार नाही. त्यात एक महाभाग पेपर घेऊन आले, "चीनमध्ये पाच मिनिटांत ४०० किलोमीटर, आपल्याकडेही बसवा." अहो, तो १००० किलोवॅटचा चार्जर! आमच्या अख्ख्या सोसायटीचा लोड त्याच्या निम्मा नाही. एका गाडीसाठी सगळ्या लिफ्टा बंद ठेवू का?

तिसरा मजला
मेगावॅट मागितलाय कुणी? १५ अँपिअरचा साधा सॉकेट मागतोय. तीन-सव्वातीन किलोवॅट, म्हणजे दीड गीझर. रात्री अकरा ते सकाळी नऊ. तुमच्या मजल्यावर सकाळी चार गीझर लागतात, तेव्हा कुठे जातो सँक्शन्ड लोड?

माजी सेक्रेटरी
आवाज खाली. गीझरचा हिशोब बरोबर आहे, मान्य. पण आज एक सॉकेट, उद्या ८४. ते सगळे रात्री अकरालाच लागणार, तेव्हा ट्रान्सफॉर्मर तुम्ही बदलून देणार?

टेकडीवरचा
माझ्या सोसायटीत सहा गाड्यांत वेळा वाटून घेतल्यात. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्याला रोज दहा तास लागतच नाहीत. बरं, धागा बॅटरीचा होता.

तिसरा मजला
घरी प्लग नसेल तर बॅटरी कुठलीही आणा, शोभेचीच.

माजी सेक्रेटरी
ठीक आहे, मोठं मन करतो. आता सेक्रेटरी नाही, त्यामुळे परवडतं. स्वतःच्या मीटरवरून केबल ओढायची, खर्च स्वतःचा, जोडीला वेगळा एमसीबी आणि अर्थिंग. एवढं लेखी देणाऱ्याला मी एनओसी दिलं असतं.

तिसरा मजला
मीटर रूम ते माझं पार्किंग ५६ मीटर. तांब्याच्या केबलचा भाव विचारून आलोय, तेव्हापासून झोप नाही.

मिठागर
म्हणूनच सांगतोय, सोडियममध्ये तांबं लागत नाही.

वऱ्हाडी ऊन
मंग बॅटरी काय खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढाची?