पहिला लष्करी व्हॉल्व्ह ट्रान्समीटर कोणता घ्यावा? बजेट २० हजार

चाळीसमीटर: नमस्कार मंडळी. हौशी रेडिओचं (हॅम) जनरल ग्रेड लायसन्स आहे. ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) मोर्स आणि जमलं तर एएम, म्हणजे आवाजात बोलणं, करायचंय. समोर दोन सेट आहेत: अमेरिकन विमानातला बीसी-४५९ आणि ब्रिटिश रणगाड्यातला वायरलेस सेट नंबर १९. पॉवर सप्लाय धरून २० हजार. काय घेऊ?

मोर्सवाला: ४५९, डोळे मिटून. ७ ते ९.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४० मीटर थेट डायलवर. फायनलला (शेवटच्या पॉवर टप्प्याला) दोन १६२५ व्हॉल्व्ह. माझा वर्षानुवर्षं चालतोय. मूळ वायरिंग विमानाच्या २८ व्होल्टसाठी आहे, १२.६ वर चालवायचा तर व्हॉल्व्ह तापवणारे हीटर पॅरलल करा.

रेडिओकोठी: बीसी-६१० हा मोठा ट्रान्समीटर शोधा. त्यातला २५०टीएच व्हॉल्व्ह एकदा पेटलेला पाहिलात की बाकी काही बघवत नाही. आमच्याकडे चालू स्थितीत आहे.

चाळीसमीटर: तो १८० किलोच्या घरात जातो ना? मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि बजेट २० आहे.

रेडिओकोठी: चार माणसं लावायची. पैसे परत येतात, सेट परत येत नाही.

दादरहॅम: १९ नको. मला विकणाऱ्याने 'कम्प्लीट' म्हणून दिला. उघडला तर सप्लाय युनिट नाही, केबल नाही, अँटेना जुळवणारा व्हेरिओमीटर नाही. नुसता डबा.

सोल्डर: १६२५ म्हणजे १९ मधला ८०७च, म्हणून दोन्ही सेट सारखेच.

मोर्सवाला: सारखेच कसे? १६२५ चा हीटर १२.६ व्होल्टचा, पाया सात पिनांचा. ८०७ चा ६.३ आणि पाच पिना. सॉकेटात बसवून दाखवा.

सोल्डर: आतली रचना तीच आहे, मी तेवढंच म्हटलं.

मोर्सवाला: तेवढंच म्हटलं नव्हतंत.

जुनाजाणता: वाद नंतर घाला. कोणताही घ्या, पण प्लेट सप्लाय (व्हॉल्व्हचा उच्च व्होल्टेज पुरवठा) एकदम पूर्ण व्होल्टेजवर देऊ नका. जुने पेपर कपॅसिटर गळतात. कपलिंगचे (दोन टप्पे जोडणारे) आधी बदला. मग व्हॅरिअॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू वर न्या. फिल्टरवर ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटरमधला चार्ज उतरवणारा) हवाच. हात घालण्याआधी इन्सुलेटेड दांडीने कपॅसिटर चेसिसला शॉर्ट करा. १९ मध्येही ५०० व्होल्ट आहेत, मारायला पुरेत. आणि एएम हवं तर ४५९ ला मॉड्युलेटर वेगळा लागतो, हे कोणी सांगितलंच नाही.

नवाहॅम: ४५९ च घ्या, ४० मीटर थेट डायलवर आहे.

दादरहॅम: वर आलंय ते.

चाळीसमीटर: सगळ्यांचे आभार. १९ घेतला. सेंडर-रिसीव्हर एकाच डब्यात, २ ते ८ मेगाहर्ट्झ, १२ व्होल्टवर चालतो आणि आर/टी (आवाजी बोलणं) आहे. वॅट मोजकेच, ते मान्य. पॅनेलवर इंग्रजीखाली रशियन अक्षरं आहेत, लेंड-लीजच्या (दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना दिलेली लष्करी मदत) काळातली. फ्लिकचा (आधी ठरवलेल्या फ्रीक्वेन्सीवर डायल अडवणारा) खटका दाबून डायल फिरवला तर दोन ठरवलेल्या फ्रीक्वेन्सींवर टक्कन अडतो, अजूनही. सप्लाय युनिट सोबत मिळालं, ते आधी उघडून तपासलं. कपॅसिटर बदलूनच पेटवणार. सप्लायचा सहा पिनांचा प्लग कोणाकडे आहे का?

दादरहॅम: प्लग मिळाला की मलाही सांगा.

रेडिओकोठी: वर्षभरात ६१० बघायला याल.