कसारा घाटात गाडी ओढत नाही, हवेच्या सेन्सरला रेझिस्टन्स लावू का?

दहाटायर_आडगाव

नमस्कार मंडळी. माझी एकच गाडी आहे. दहा टायर, बीएस ४, २०१८ चं मॉडेल, १८० एचपीचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ते). मालकही मीच, ड्रायव्हरही मीच. पिंपळगावहून कांदा भरून खाली जातो, येताना भिवंडी नाहीतर तळोज्याहून पत्र्याचे कॉइल घेऊन अंबड किंवा सिन्नरला उतरवतो. म्हणजे भरल्या गाडीने कसारा घाट चढणं आठवड्यातून दोनदा ठरलेलंच.

गेले दोन महिने गाडी घाटात दम टाकते. जिथे तिसऱ्यावर आरामात चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो, मागे गाड्यांची रांग लागते. लोडवर ४.२ चं ॲव्हरेज होतं, ते ३.७ वर आलंय. रिकामी असली की काहीच जाणवत नाही. चेक लाइट पेटत नाही. एअर फिल्टर बदलला, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले, फरक शून्य.

आमच्या इथल्या एका वायरमनने सांगितलं की हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टन्स टाकू, ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हवा गार वाटेल आणि तो डिझेल जास्त सोडेल. मजुरीसकट ३०० रुपये. दुसरा पर्याय म्हणजे ऑनलाइन एक डबी मिळते, रेल प्रेशर सेन्सरच्या सॉकेटमध्ये बसते, ६,५०० रुपये, आणि ३० टक्के पॉवर वाढते म्हणतात. माझ्या चुलत भावाने त्याच्या गाडीला पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरला असाच रेझिस्टन्स लावून घेतलाय, तो खूश आहे.

गाडीचा हप्ता चालू आहे, इंजिन उघडायची वेळ आली तर मी बसलोच. म्हणून करण्याआधी विचारतो. कुणी लावलंय का? पुढे काय झालं?

सटाणा_लाईन

भाऊ, ती रेलची डबी मी चौदा टायरला लावली होती. पिकअप वाढतो, खोटं नाही सांगत. पहिले तीन आठवडे मी सगळ्यांना लावा लावा म्हणत होतो. मग काळा धूर सुरू झाला. पुढे एकदा मालेगावला जाताना राहुड घाटाच्या चढात गाडीने एकदम मान टाकली, चेक लाइट लागली आणि गाडी १,५०० आरपीएमच्या पुढे जाईना. तशीच रखडत वर नेली. स्कॅनर लावल्यावर रेल प्रेशरच्या बिघाडाचा कोड निघाला. डबी काढली, कोड पुसला, गाडी सरळ झाली. पण रेलचा व्हॉल्व्ह तेव्हापासून ठिबकायला लागला तो बदलावाच लागला. डबी अजून घरात पडून आहे, कुणाला विकायची माझी हिंमत होत नाही.

पंपरूम_सातपूर

तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू करायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सव्वीस वर्षं पंप आणि नोझलचं काम करतो. इनलाइन पंपाच्या काळात लोक स्क्रू अर्धा आटा फिरवून डिझेल वाढवून घ्यायचे. आता स्क्रू नाही, म्हणून सेन्सरला हात घालतात.

आधी हवेचा सेन्सर. त्याच्या आत थर्मिस्टर असतो. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, गार झाला की चढतो. नेहमी सापडणाऱ्या सेन्सरचं माप सांगतो: २० अंशांना साधारण २,५०० ओहम, ८० अंशांना साधारण ३२० ओहम. वायरमनने मध्ये १,२०० ओहमचा तुकडा टाकला की ईसीएमला ३२० च्या जागी १,५२० दिसतात. म्हणजे हवा खरोखर ८० अंशांवर असताना त्याला ती ३३ च्या आसपास वाटते. तेवढ्या फरकाने हवेची घनता १५ टक्के बदलते. सिलिंडरमध्ये नसलेली १५ टक्के हवा आहे असं धरून तो हिशेब करणार.

ही युक्ती मुळात पेट्रोल गाड्यांची. तिथे हवेच्या मापाने पेट्रोल ठरतं, आणि तिथेसुद्धा ऑक्सिजन सेन्सर थोड्या वेळात चूक पकडून पेट्रोल पुन्हा मापात आणतो. डिझेलचं गणितच निराळं आहे. डिझेल किती सोडायचं हे तुझ्या पायावर आणि ईसीएममधल्या टॉर्कच्या मर्यादेवर ठरतं. हवेचं माप प्रामुख्याने धूर होऊ नये म्हणून लावलेल्या मर्यादेसाठी कामाला येतं. ती मर्यादा खोट्या आकड्याने वर सरकवली तर जादा डिझेल पुरतं जळत नाही, काळा धूर होऊन बाहेर पडतं, आणि एक्झॉस्ट तापतो. शिवाय इंटरकूलरमधून (टर्बोने दाबलेली हवा गार करणारी जाळी) हवा फार गरम येऊ लागली की अनेक ईसीएम स्वतःहून डिझेल कमी करतात. तो रेझिस्टन्स नेमकं हेच संरक्षण बंद करतो, आणि ते लागतं कुठे? भरल्या गाडीने वीस मिनिटं चढताना. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. आतला गॅस त्याहून कितीतरी गरम असतो. पिस्टन वाचतो तो फक्त तेलाच्या फवाऱ्याने आणि मापात सोडलेल्या डिझेलमुळे.

रेलच्या डबीचं सटाण्याच्या भाऊंनी सांगितलंच आहे. कारण सांगतो. तो सेन्सर अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत बोलतो. डबी तो आकडा कमी करून दाखवते, मग ईसीएम प्रेशर वाढवत नेतो. १,६०० बारच्या जागी १० टक्के जादा म्हणजे १,७६० बार झाले. पण नोझलमधून जाणारं डिझेल प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे १० टक्के प्रेशरला जेमतेम ५ टक्के डिझेल. यातून ३० टक्के पॉवर कशी निघेल ते तूच बघ. त्या पाच टक्क्यांसाठी पंप, रेल, नोझल सगळे रात्रंदिवस मर्यादेच्या कडेवर चालतात. प्रेशर फारच चढलं तर रेलवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि गाडी मान टाकते.

आता चुलत भावाबद्दल. त्याने केलंय ते या तिन्हींत सगळ्यात वाईट आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे ओढून आणलेली एक गाडी आली होती. त्या गाडीलाही पाण्याच्या सेन्सरला रेझिस्टन्स होता. गार इंजिन जास्त डिझेल घेतं या समजुतीवर कुणीतरी लावलेला. डॅशबोर्डवरचा काटा त्याच सेन्सरचा आकडा ईसीएमकडून घेऊन दाखवतो. घाटात खालचा होज फाटला, पाणी गेलं, आणि काटा मात्र ७० च्या आसपास गप्प बसून होता. पोरगा चढत राहिला. कारण काट्यावर विश्वास ठेवण्यात त्याची काय चूक होती? हेड वाकलं, दोन लायनर गेले. तो पोरगा माझ्या शेडच्या पायरीवर बसून रडला, ते मी विसरलेलो नाही. ज्या गाड्यांचा फॅन ईसीएम चालवतो तिथे फॅनसुद्धा उशिरा लागतो. आणि बऱ्याच इंजिनांत ईसीएमला इंजिन गार वाटलं तर तो ताकद रोखून धरतो, म्हणजे पिकअपही हातात नाही. भावाला आजच फोन कर.

आता तुझी गाडी. लोडवर ओढत नाही, रिकामी ठीक, कोड नाही, ॲव्हरेज पडलं. मला संशय टर्बो आणि इंटरकूलरमधल्या रबरी होजवर आहे. त्याला क्लॅम्पजवळ किंवा खालच्या बाजूने चीर पडते. गाडी उभी असताना होज मिटलेला असतो, हात फिरवला तरी कळत नाही. लोडवर टर्बो भरून दाबतो तेव्हा तो फुगतो, चीर उघडते आणि दाबलेली हवा रस्त्यावर जाते. ईसीएमला बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, कमी दिसतो म्हणून तो डिझेल कमी सोडतो. तो बरोबरच वागतोय, हवा खरंच कमी आहे. त्याला गप्प करायचं कशासाठी?

असं कर. होजच्या तोंडाशी तेलकट काजळी दिसते का बघ. टर्बोच्या तोंडाला बूच लावून कंप्रेसरने एक-सव्वा बारपर्यंतच हवा भर, जास्त नको, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मार. बुडबुडे आले तिथे गळती. नाही सापडली तर स्कॅनरवाल्याला केबिनमध्ये बसव आणि भरल्या गाडीने मोहदरी घाट चढ. तीन आकडे लिहून घ्या: बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर, मिळालेलं रेल प्रेशर. मागितलेलं आणि मिळालेलं जुळत असेल तर डिझेलची बाजू ठीक. जुळत नसेल तर टाकीपासूनच्या पाइपात हवा घुसते का ते बघू.

कागदांचं_काम

वरचं सगळं इंजिनाच्या बाजूने झालं, मी कागदाची बाजू सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. काळा धूर असेल तर पीयूसी आणि पासिंगला अडकाल ते वेगळं. आणि बीएस ६ वाल्यांनी यात अजिबात पडू नका. तिथे धुरातले विषारी वायू मोजणारा नॉक्स सेन्सर, ते कमी करणारा युरिया, काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर सगळं एकमेकांवर नजर ठेवून असतं, छेडछाड कळली की गाडी स्वतःच ताकद कापते.

दहाटायर_आडगाव

काका, सापडलं! लिहायला उशीर झाला, मध्ये एक ट्रिप होती.

साबणाच्या पाण्यात बाहेरून काहीच दिसलं नाही, थोडा निराश झालो होतो. मग सिन्नरच्या मालासकट स्कॅनरवाल्याला सोबत घेतलं आणि मोहदरी चढलो. रेलचे दोन्ही आकडे जुळत होते. बूस्ट मात्र ०.९ बारच्या वर जाईना. माल उतरवून परत आल्यावर होज सरळ काढूनच घेतला. टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या होजला खालच्या अंगाने, क्लॅम्पच्या आत दडलेली, चार बोटं लांब चीर! आतल्या बाजूने कापड सुटलेलं. कंप्रेसरच्या हवेला ती क्लॅम्पच्या दाबाने बंदच राहत होती.

नवा होज आणि दोन क्लॅम्प मिळून २,८०० रुपये. परवा तळोज्याहून कॉइल भरून आलो. कसाऱ्यात तिसरा टाकला आणि तिसऱ्यावरच वर आलो, इगतपुरी येईपर्यंत मी केबिनमध्ये एकटाच हसत होतो. बूस्ट १.५ बार, ॲव्हरेज पहिल्याच ट्रिपला ४.१. त्या वायरमनला होज दाखवला. त्यानेही हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाला, पुढच्या वेळी आधी हे बघेन.

एक शंका राहिली. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर पांढरा धूर येतो, मग जातो. हे त्यातलंच का?

पंपरूम_सातपूर

वाचून फार आनंद झाला. साबणाच्या परीक्षेत चीर लपू शकते हे मी सांगायला हवं होतं, पुढच्या माणसाला सांगेन.

क्लॅम्प दोनशे किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा ताणून घे, नवं रबर बसतं आणि ते सैल होतात.

पांढरा धूर होजमुळे नाही. आधी रोज पाण्याची पातळी बघ. पाणी कमी होत नसेल तर एखाद्या नोझलमध्ये दोष असू शकतो. सगळ्या नोझलच्या रिटर्नला एकेक बाटली लावून दोन मिनिटं आयडलवर चालव. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर तो नोझल काढून आण, टेस्ट बेंचवर लावू. सगळे एकदम काढू नकोस, खर्च उगाच वाढेल.

आणि भावाच्या गाडीचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

दहाटायर_आडगाव

काल रात्री त्याच्या घरी जाऊन दोघांनी मिळून तो रेझिस्टन्स काढला, वायर पुन्हा जोडून टेप मारली. आज सकाळी घोटीच्या पुढे काटा ९८ वर गेला म्हणून त्याचा फोन आला. गाडी बाजूला घेऊन थांबलाय. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि गवत गच्च बसलंय म्हणतो. मी पाण्याचे कॅन घेऊन निघालोय.